पाद्र्याच्या खडकावरचे मासे

टेर्नोया बेटाच्या पालिकेत समुद्राचा नकाशा पहिल्यांदा पडद्यावर उघडला, तेव्हा सोलरूनला हसावं की कपाळाला हात लावावा ते कळेना. बेटाभोवतीचा सगळा समुद्र पांढरा होता आणि नैऋत्येला एकच ठिपका, लालभडक. जितके जास्त मच्छीमार एखाद्या जागेवर बोट ठेवतील तितकी ती जागा लाल, अशी त्या नकाशाची रीत. बेटावर मासेमारीच्या अकरा होड्या आणि अकराही मालकांनी एकाच जागेवर बोट ठेवलं होतं. ती जागा म्हणजे पाद्र्याचा खडक.

आता पाद्र्याच्या खडकावर काय आहे हे टेर्नोयावरचं शेंबडं पोरही सांगेल. तिथे काही नाही. फार पूर्वी कुणी एक पाद्री तीन उन्हाळे तिथे गळ टाकून बसला आणि त्याला एक बूट मिळाला, तोही डाव्या पायाचा. तेव्हापासून धक्क्यावर कुणी विचारलं की एवढे मासे कुठे सापडले, तर उत्तर ठरलेलं: पाद्र्याच्या खडकावर. म्हणजे, तुला काय करायचंय. विचारणाराही ते समजतो, मान डोलावतो आणि वाऱ्यापावसाविषयी बोलायला लागतो. इथला माणूस शेजाऱ्याला घराची किल्ली देईल, वेळ पडली तर एक मूत्रपिंडही देईल, पण मासे कुठे मिळतात ते सांगायचा नाही.

पालिकेने विचारलं, तर पालिकेलाही तेच उत्तर मिळालं. पालिकेने ते लिहून घेतलं, एवढीच चूक झाली.

आणि लिहून घेणारी सोलरूनच होती. शिक्षण आणि नोकरी धरून चौदा वर्षं ट्रॉन्डहाइम शहरात काढून ती दोन वर्षांपूर्वी बेटावर परत आली होती, पालिकेची किनारा-नियोजक म्हणून. कार्यालयात माणसं तीन, त्यातलं एक अर्धवेळ. त्यामुळे आपल्याच बापाची मुलाखत आपण घेऊ नये वगैरे नियम कागदावर होते, पण पाळायला माणूस नव्हतं. तिचा बाप आन्फिन मुलाखतीला आला तो धुतलेला स्वेटर घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून, दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखा बसला. मुलाखतीच्या तक्त्यात त्याला 'उत्तरदाता' म्हणायचं होतं. सोलरूनने तो शब्द एकदा उच्चारला आणि दोघांनाही कसंसंच झालं. बेटावर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, लेक बापाला तर नाहीच.

"बाबा, तू मासे कुठे धरतोस?"

त्याने नकाशा सरळ केला, उलटा केला, पुन्हा सरळ केला आणि पाद्र्याच्या खडकावर बोट ठेवलं.

"अरे, हे सरकारी काम आहे."

"म्हणून तर सांगतोय. लिही."

तिने लिहिलं. उत्तरदाता जे सांगेल तेच लिहायचं, असं तक्त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं तेही सांगायला हवं. समुद्रातून गावाने कसं जगावं आणि समुद्रही कसा जगवावा याचा बारा वर्षांचा आराखडा पालिका बनवत होती. निळी अर्थव्यवस्था, असं पालिकेच्या फलकावर लिहिलेलं होतं, आणि गावकऱ्यांनी त्या फलकाखाली सायकली लावायला सुरुवात केली होती. एका कंपनीला बेटाजवळ केल्पची शेती करायची होती. केल्प म्हणजे हातभर रुंद, पुरुषभर लांब पानांचं समुद्री शेवाळ, दोऱ्यांवर वाढवायचं. सात जणांना काम मिळणार होतं. सात जण म्हणजे चार-पाच कुटुंबं, आणि शाळेत उरली होती चौदा मुलं. ही शेती यावी असं सोलरूनला मनापासून वाटत होतं. फक्त ती मासे धरण्याच्या जागेवर नको, कारण एकदा नांगर आणि दोऱ्या पडल्या की तिथे गळ टाकायची सोय नाही. नियम साधा होता: मच्छीमाराने दाखवलेल्या जागेपासून चारी बाजूंना पाचशे मीटर समुद्र मोकळा राहणार. जी जागा कुणीच दाखवली नाही ती रिकामी धरणार.

शहरातल्या सल्लागारांनी नकाशा पाहिला आणि कळवलं, की पाद्र्याचा खडक ही या किनाऱ्यावरची सर्वांत मोलाची जागा असून ती प्राणपणाने जपावी. केल्पसाठी त्यांनी पूर्वेची एक रिकामी जागा सुचवली, कावळकड्याच्या पायथ्याशी. पालिकेचा प्रमुख हाल्वोर खुशीत आला. कुणाची तक्रार नाही, कुणाची जमीन नाही, असा आराखडा त्याने वीस वर्षांत पाहिला नव्हता.

सोलरूनने मात्र कावळकडा हे नाव परत एकदा वाचलं.

ती नऊ वर्षांची असताना बाबा तिला होडीतून तिथे घेऊन गेला होता. समुद्रातली जागा ओळखायला जमिनीवरच्या दोन खुणा लागतात, हे त्याने तिला तिथे शिकवलं. चर्चचा मनोरा डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे, आणि लाल दीपस्तंभ कड्याच्या मागून नुकता डोकावला पाहिजे. दोन्ही एकदम दिसलं की इंजिन बंद कर, खाली हॅलिबट आहे. हॅलिबट म्हणजे दाराएवढा चपटा मासा, एक मिळाला तर आठवडा निघतो. ही जागा तुझ्या आजोबांची, नंतर माझी, आता तुझी, असंही तो म्हणाला होता. शहरात पहिल्या वर्षी, वसतिगृहात एकटं वाटायचं तेव्हा ती डोळे मिटून मनोरा खाचेत बसवायची आणि दीपस्तंभ बाहेर काढायची. बापाने तिला दिलेली ती एकच गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

त्याच संध्याकाळी ती त्याच्याकडे जेवायला गेली. आई गेल्यापासून तो एकटाच राहायचा आणि आठवड्यातले पाच दिवस उकडलेला कॉड मासा आणि बटाटे खायचा. ताटात बटाटा सोलता सोलता तिने सांगितलं, की केल्पची शेती कावळकड्याखाली जाणार आहे.

"बरं," आन्फिन म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. मीठ दे."

तिने परत परत सांगितलं. शुक्रवारच्या सभेनंतर सोमवारी दुपारी बारापर्यंत हरकती घेणार, मग बारा वर्षं काही बदलणार नाही. त्याने येऊन खरी जागा दाखवली तर अजून वेळ गेलेली नाही. तो जेवत राहिला. मग त्याने विचारलं, की केल्प म्हणे माणसं खातात ते खरं का. तिला रडू यायच्या बेतात होतं. हा माणूस एकाहत्तर वर्षांचा, त्याची सगळी कमाई त्या चपट्या माशावर, आणि जागा जातेय तरी तोंडातून शब्द काढत नाही. दहा जणांसमोर जागा सांगण्यापेक्षा ती गमावलेली बरी, इतका ताठा? की लेकीच्या कामात अडथळा नको म्हणून गप्प बसलाय? ती जितका विचार करी तितका गुंता वाढत होता. बापाच्या मनाचा नकाशा सल्लागारांकडे पाठवायची सोय असती तर तिने तोही पाठवला असता.

शुक्रवारी शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. कॉफी होती, वाफल होते, तपकिरी चीज होतं, त्यामुळे सगळं गाव होतं. अकरा मच्छीमार मागच्या बाकावर ओळीने बसले होते आणि पाद्र्याच्या खडकाचं संरक्षण पडद्यावर दिसलं तेव्हा अकराही जणांनी गंभीरपणे माना हलवल्या. ओडवार नावाच्या मच्छीमाराने तर उठून पालिकेचे आभार मानले. त्याच्या शेजारच्याला तेवढ्यात ठसका लागला.

मग कावळकडा आला, आणि सोलरून उभी राहिली. उभी राहीपर्यंत तिचं काहीच ठरलं नव्हतं. ती म्हणाली, की ही जागा रिकामी नाही, तिथे मासेमारी होते हे तिला स्वतःला माहीत आहे. कोण करतं ते ती सांगणार नाही. शेती उत्तरेला न्यावी, देवमाशाची पाठ नावाच्या बोडक्या खडकाच्या पलीकडे. तिथे कुणीच काही दाखवलेलं नाही.

हाल्वोरचा चेहरा पडला. हे आधी सांगायचं होतंस, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. कंपनीच्या बाई मात्र नकाशावर वाकल्या आणि म्हणाल्या, की उत्तरेला पाणी जास्त थंड आहे, त्यांना उलट तेच आवडेल. पाच मिनिटांत ठरलं. सोलरूनने मागच्या बाकाकडे पाहिलं. आन्फिन उठला होता. टोपी घालत तो दाराकडे निघाला, कुणाकडे न बघता. त्याने वाफल अर्धाच खाल्ला होता, आणि तो माणूस ताटात काही टाकणाऱ्यातला नव्हता.

"पोरीने बापाचं भांडं फोडलं," ओडवार मोठ्याने म्हणाला, आणि बाक हसला.

शनिवारी सकाळी ती माफी मागायला गेली. आन्फिन किनाऱ्यावरच्या होडीच्या शेडमध्ये गळांना धार लावत बसला होता. तिने आल्या आल्या सांगून टाकलं, की चारचौघांत तुझी जागा उघडी पाडली, चुकलं, पण जागा तर वाचली ना?

त्याने कानस खाली ठेवली.

"कावळकड्याखाली मासे असतात हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच. मी नऊ वर्षांची होते."

त्याला आठवतच नव्हतं, आणि मग आठवलं, हे त्याच्या चेहऱ्यावर तिला स्पष्ट दिसलं.

"अगं, तिथे सगळा चिखल आहे," तो म्हणाला. "नव्वद वाव खोल चिखल."

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, मध्येच गळ उचलून बोटाने टोक बघत. त्या वर्षी ती रोज मागे लागायची, मलाही जागा दाखव म्हणून. मग दाखवली एक. खरी कशी दाखवणार? नऊ वर्षांचं पोर, शाळेत जाऊन सांगणारच. आणि सांगितलंच होतं तिने, ओडवारच्या मुलाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ओडवार दीड महिना कावळकड्याखाली होडी उभी करून बसला होता, चिखलात. आन्फिन त्याला लांबून हात करायचा.

एरवी ती यावर पोट धरून हसली असती. आत्ता तिला कुणीतरी पायाखालची फळी काढून घेतल्यासारखं झालं. मनोरा, खाच, दीपस्तंभ, आजोबांची जागा. पंचवीस वर्षं तिने जपून ठेवलेला चिखल.

"मोठी झाल्यावर सांगता आलं असतं," ती म्हणाली.

"मग तू शहरात गेलीस."

"परत आले की."

"परत आलीस ती नकाशा घेऊन." हे तो रागाने म्हणाला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

मग तिने जे विचारायला हवं होतं ते विचारलं. खरी जागा कुठे आहे? आन्फिनने शेडच्या दारातून उत्तरेकडे पाहिलं, देवमाशाच्या पाठीकडे, आणि पुन्हा कानस हातात घेतली. कोऱ्या समुद्रातून एक जागा सोलरूनने स्वतःच्या हाताने निवडून कंपनीला दिली होती, आणि नेमकी तीच बापाची निघाली होती.

रविवारी तो तिला घेऊन निघाला. सप्टेंबरचं स्वच्छ ऊन होतं, बाकीच्या होड्या धक्क्यावर होत्या. देवमाशाची पाठ ओलांडल्यावर त्याने वेग कमी केला आणि जमिनीकडे तोंड करून उभा राहिला. तिने खिशातून फोन काढला तसं तो म्हणाला, ते ठेव, डोळ्यांनी बघ. पहिली खूण: ओडवारच्या मेंढ्यांच्या गोठ्याचं लाल छप्पर शाळेच्या चिमणीच्या बरोबर खाली. दुसरी: दोन डोंगरांच्या मधल्या फटीत तिसऱ्याचं टोक, तांदळाच्या दाण्याएवढं.

"ओडवारचा गोठा?"

"तो पडला की मी संपलो. म्हणून दर दोन वर्षांनी छप्पर रंगवून देतो."

गावात सगळे म्हणायचे, आन्फिनसारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं. स्वतःचा रंग, स्वतःची शिडी. सोलरूनही तसंच म्हणायची.

त्याने गळ सोडला. दोघं तासभर बसली. काही लागलं नाही. एखादा मासा लागला असता तर किती बरं झालं असतं, असं तिला सारखं वाटत होतं. ते विक्रीसाठी नव्हे, खात्रीसाठी. विचारावं की नाही, विचारावं की नाही, असं करता करता तिने विचारलंच.

"बाबा, ही तरी खरी ना?"

आन्फिनने दोर गुंडाळायला घेतला. "उद्या येतो ऑफिसात," तो म्हणाला. हे उत्तर होतं की उत्तर टाळणं, तिला ठरवता येईना. घरी गेल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर कागदी नकाशा पसरला. चिमणीपासून गोठ्यावरून एक रेघ, तिसऱ्या डोंगरापासून फटीतून दुसरी. दोन रेघा देवमाशाच्या पाठीच्या उत्तरेला जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे तिने शिसपेन्सिलीने बारीक टिंब काढलं, आणि मग ते खोडून टाकलं. डोळ्यांना ते दिसतच होतं.

सोमवारी साडेअकराला तो आला. धुतलेला स्वेटर, गुडघ्यावर टोपी. कॉफीच्या यंत्राशेजारच्या खुर्चीत ओडवार बसला होता. त्याला म्हणे नळाच्या पाण्याविषयी काही विचारायचं होतं, पण तासाभरात त्याने ते कुणाला विचारलं नव्हतं. हाल्वोर येऊन सोलरूनच्या पाठीमागे उभा राहिला.

"उत्तरदाता मासे कुठे धरतो?" तिने विचारलं. यावेळी तो शब्द तिला बरा वाटला. त्याच्याआड उभं राहता येत होतं.

"हा गोल केवढा म्हणालीस? चारी बाजूंना पाचशे?"

"पाचशे मीटर."

आन्फिनने बोट उचललं. ते देवमाशाच्या पाठीवरून उत्तरेला गेलं, थोडं थांबलं, किंचित मागे सरकलं आणि टेकलं. ओडवारची मान कॉफीच्या यंत्राच्या वर आली होती.

सोलरूनने त्या बोटाखाली पाहिलं. ती जागा कालची नव्हती. कालचं टिंब उत्तरेला होतं, चांगलं साडेचारशे मीटर वर. खुणांच्या हिशेबात साडेचारशे मीटर म्हणजे दुसरं गाव. दोघींपैकी एकीला त्याने खोटं सांगितलं होतं, कालच्या लेकीला किंवा आजच्या नियोजकाला, आणि त्या दोघी एकाच खुर्चीत बसल्या होत्या. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो टोपीची कड नीट करत होता. पंचवीस वर्षांपूर्वी होडीत त्याचा चेहरा असाच होता का, हे तिला किती आठवूनही आठवेना.

तिने बटण दाबलं. पडद्यावर त्याच्या बोटाच्या जागेभोवती गोल उमटला. गोलाची वरची कड हळूच कालच्या टिंबाच्या पलीकडे गेली, जेमतेम, आणि थांबली. टिंब आत होतं. नांगर पडणार नाही, दोऱ्या पडणार नाहीत, आणि ज्याला कुणाला इथे येऊन बसायचं असेल तो गोलाच्या मधोमध येऊन बसेल, दीड महिना, दोन महिने, हौस फिटेपर्यंत.

"आणि शेती?" हाल्वोरने विचारलं. "ती कुठे न्यायची आता?"

"परत कावळकड्याखाली. मी चुकले होते. तिथे चिखल आहे."

कॉफीच्या यंत्रापाशी कुणीतरी नाकातून आवाज काढला. काढू दे. हे आता वीस वर्षं गावात चघळलं जाणार होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"या जागेची तरी खात्री आहे?" हाल्वोर म्हणाला. "तुझा बाप आहे म्हणून विचारतो. शहरात पाठवायचंय, सही तुझी जाणार."

ओडवार नळाचं पाणी विसरून दाराकडे निघाला होता. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. आन्फिनने पहिल्यांदा मान वर केली आणि लेकीकडे सरळ पाहिलं. त्याचे डोळे तिने इतके घाबरलेले कधी पाहिले नव्हते.

"खात्री आहे," सोलरून म्हणाली. "काल मी स्वतः त्याच्याबरोबर तिथे होते."

मग तिने उत्तरदात्याच्या बोटाखालची जागा जशीच्या तशी भरली, पडताळणीच्या रकान्यात 'हो' लिहिलं आणि खाली सही केली.